फिर्याद कोणाच्या नावाने? : सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांचे चरित्र

जिल्हा न्यायालयाच्या आवारात सकाळी अकराच्या सुमारास एक दृश्य नेहमी पाहावयास मिळते. भिंतीवर त्या दिवशीच्या खटल्यांची यादी लावलेली असते आणि खेड्यातून आलेला एखादा गृहस्थ तीत आपले नाव शोधीत उभा असतो. घर त्याचे फुटलेले असते, किंवा भाऊ त्याचा मारला गेलेला असतो. परंतु यादीत त्याचे नाव कोठेच नसते. तेथे असते ते राज्य सरकारचे नाव, आणि विरुद्ध या शब्दाच्या पलीकडे आरोपीचे. अखेर कोणी कारकून त्याची समजूत घालतो की, या खटल्यात तो केवळ साक्षीदार आहे, फिर्याद सरकारची आहे. तो मनुष्य मान डोलावतो, पण त्याच्या चेहऱ्यावरून ते त्याला पटलेले दिसत नाही.

आम्ही कायद्याचे पदवीधर नव्हे. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि खात्याच्या परीक्षेच्या निमित्ताने फौजदारी प्रक्रिया संहिता व पुरावा अधिनियम या दोन पुस्तकांशी आमची गाठ पडली. पाठांतराखेरीज त्यांचा काही उपयोग असेल असे तेव्हा वाटले नव्हते. पुढे नोकरीनिमित्त काही वर्षे कलकत्त्यास काढावी लागली, तेव्हा तेथील जुन्या सरकारी इमारती पाहताना एक नाव वारंवार समोर येऊ लागले. ज्या दोन पुस्तकांनी आमच्या झोपेचा नाश केला होता त्यांपैकी एक या गृहस्थाने स्वतः लिहिले होते व दुसरे नव्याने घडविले होते. हे गृहस्थ म्हणजे सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका इंग्रज कायदेपंडिताचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. लोकमान्य टिळकांवर १८९७ साली जे कलम लावण्यात आले ते याच गृहस्थाच्या हातचे होते, एवढे सांगितले तरी तूर्त पुरे.

स्टीफन यांचा जन्म लंडन येथे ३ मार्च १८२९ रोजी झाला. वडील सर जेम्स स्टीफन हे वसाहतींच्या खात्यातील मोठे अधिकारी. १८३३ साली ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी ज्या कायद्याने रद्द झाली त्याचा मसुदा त्यांनी तयार केला होता. थोडक्यात, कायद्याचा मसुदा करणे हा या घराण्यातील परंपरागत धंदाच होता म्हणावयाचा. धाकटे बंधू लेस्ली हे पुढे साहित्यिक म्हणून प्रसिद्धीस आले. सुप्रसिद्ध लेखिका व्हर्जिनिया वुल्फ या त्यांच्याच कन्या, म्हणजे आपल्या चरित्रनायकाच्या पुतणी. स्टीफन यांचे शिक्षण ईटन, लंडनचे किंग्ज कॉलेज आणि केंब्रिजचे ट्रिनिटी कॉलेज येथे झाले. परीक्षांत त्यांनी काही दिवे लावले नाहीत. धिप्पाड देह, मोठा आवाज आणि वादाची हौस यांमुळे मित्रमंडळीत मात्र त्यांचा दरारा असे. १८५४ साली ते बॅरिस्टर झाले, पुढच्या वर्षी मेरी कनिंगहॅम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वकिली जेमतेमच चाले. संसार वाढत होता, त्यामुळे रात्री जागून वृत्तपत्रांत लेख लिहावे आणि दिवसा फौजदारी न्यायालयांत उभे राहावे असा क्रम कित्येक वर्षे चालला. १८६३ साली त्यांनी इंग्लंडच्या फौजदारी कायद्याचे समग्र दर्शन घडविणारा एक ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून कायद्याच्या वर्तुळात त्यांची दखल घेतली जाऊ लागली.

ज्या काळी स्टीफन वकिली करीत होते त्या काळी इंग्लंडात सरकारी फिर्यादी असा कोणी अधिकारीच नव्हता, हे आजच्या वाचकास सहसा खरे वाटणार नाही. खटला चाले तो राणीच्या नावाने. कारण प्रत्येक गुन्हा म्हणजे राजाने राखलेल्या शांततेचा भंग, ही तेथील जुनी कल्पना. परंतु तो चालवीत असे ज्याचे नुकसान झाले तो मनुष्य. वकील त्यानेच करावयाचा, साक्षीदारही त्यानेच गोळा करावयाचे. पोलिसाने फिर्याद केली तरी कायद्याच्या दृष्टीने तो एक सामान्य नागरिकच मानला जाई. गरिबाच्या घरी चोरी झाली तर चोर बहुधा मोकळाच राही, कारण चोरीस गेलेल्या वस्तूपेक्षा खटला महाग पडे. ही त्या पद्धतीची मोठी उणीव होय. पण तिची दुसरी बाजू अशी की, राणीचे नाव वापरण्यास कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. चांभार असो की सरदार, कोणाही प्रजाजनाने उठावे आणि राणीच्या नावाने कोणावरही, अगदी राणीच्या अधिकाऱ्यावरही, खुनाचा आरोप ठेवावा.

हा प्रसंग १८६७ साली खरोखरच आला, आणि तो स्टीफन यांच्याच वाट्यास आला. वेस्ट इंडिजमधील जमैका बेटावर ऑक्टोबर १८६५ मध्ये मोरंट बे या गावी दंगा झाला. गव्हर्नर एडवर्ड आयर यांनी लष्करी कायदा पुकारला. चारशे एकोणचाळीस माणसे मारली गेली, सहाशेंच्या वर स्त्रीपुरुषांना फटके मारण्यात आले आणि सुमारे हजार घरे जाळण्यात आली. हे आकडे सरकारी चौकशी आयोगाचे आहेत. जॉर्ज विल्यम गॉर्डन हे तेथील विधिमंडळाचे सदस्य, गव्हर्नरांचे कडवे टीकाकार. ते राहत होते किंग्स्टन येथे, आणि तेथे लष्करी कायदा लागू नव्हता. तेव्हा त्यांना पकडून मोरंट बे येथे नेण्यात आले, लष्करी न्यायालयापुढे उभे करण्यात आले आणि २३ ऑक्टोबर रोजी फासावर चढविण्यात आले. इंग्लंडात खळबळ उडाली. जॉन स्टुअर्ट मिल प्रभृतींनी एक समिती स्थापन केली. सरकार काही करीत नाही असे दिसताच या समितीने स्वतःच राणीच्या नावाने फिर्याद करण्याचे ठरविले आणि स्टीफन यांना वकील नेमले.

लंडनच्या बो स्ट्रीट न्यायालयात गॉर्डन यांना फाशी देणाऱ्या न्यायालयातील कर्नल नेल्सन व लेफ्टनंट ब्रँड या दोघांना वरिष्ठ न्यायालयाच्या स्वाधीन करण्यात स्टीफन यांना यश आले. त्यानंतर ते श्रॉपशायर परगण्यातील मार्केट ड्रेटन या लहानशा गावी गेले, कारण आयर आता त्या बाजूस राहत होते. तेथील दंडाधिकारी म्हणजे आसपासचे जमीनदार. स्टीफन यांनी तासन्‌तास युक्तिवाद केला. संकटकाळीही अधिकाऱ्याला कायद्याने दिलेल्यापेक्षा अधिक अधिकार प्राप्त होत नाही, आणि गरज संपल्यावर केलेली हत्या ही हत्याच ठरते, असे त्याचे सार होते. त्यांनी आयर यांची व्यक्तिशः निंदा मात्र केली नाही. त्यांच्या हेतूविषयी सौम्य शब्दच वापरले. त्यामुळे मिल त्यांच्यावर रुष्ट झाले. दंडाधिकाऱ्यांनी फिर्याद काढून टाकली. नेल्सन व ब्रँड यांच्यावरील आरोपही पुढे ग्रँड ज्यूरीने नामंजूर केला. पुन्हा आयर यांच्यावर खटला भरण्याचे समितीने योजिले तेव्हा स्टीफन त्यातून बाजूस झाले. खटला फसला, हे खरे. पण ज्या देशाच्या गव्हर्नराला चार खासगी नागरिक दंडाधिकाऱ्यासमोर खुनाच्या आरोपाखाली उभे करू शकतात, त्या देशाच्या प्रक्रियेत काहीतरी सत्त्व होते, हे आम्हांस येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही.

दोनच वर्षांनी स्टीफन यांना हिंदुस्थानचे बोलावणे आले. व्हाइसरॉयच्या मंडळात विधी सदस्य म्हणून एक जागा असे. मेकॉले हे त्या जागेवरचे पहिले गृहस्थ. स्टीफन यांचे मित्र हेन्री मेन या पदावरून निवृत्त होत होते. त्यांच्या जागी स्टीफन यांची नेमणूक होऊन डिसेंबर १८६९ मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले आणि एप्रिल १८७२ मध्ये परतले. पुरती अडीच वर्षेही नाहीत! एवढ्या अवधीत पुरावा अधिनियम, नवी फौजदारी प्रक्रिया संहिता, करार अधिनियम, मुदतीचा कायदा आणि ब्राह्मसमाजीयांच्या मागणीवरून झालेला विशेष विवाहाचा कायदा असे एकामागून एक कायदे त्यांच्या कारकिर्दीत मंजूर झाले. यांतील काहींची पूर्वतयारी आधी झालेली होती, तथापि कामाचा हा झपाटा पाहून सरकारी नोकरीत आयुष्य घालविलेल्या मनुष्याची मती गुंग होते. आमच्या खात्यात साध्या नियमातील एक वाक्य बदलावयास तीन वर्षे लागल्याचे आम्ही पाहिले आहे.

पुरावा अधिनियम हे त्यांचे खास अपत्य. आधीच्या आयोगाचा मसुदा त्यांनी बाजूस सारला व नव्याने लिहिला. इंग्रजी पुराव्याचा कायदा म्हणजे शेकडो निवाड्यांचे जंगल. त्यातून वाट काढून त्यांनी तो एकशे सदुसष्ट कलमांत बसविला. लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे मुंबई-कलकत्त्याचा बॅरिस्टर नव्हता. पुस्तकांची सोय नसलेल्या जिल्ह्यात तंबूत बसून न्याय देणारा तरुण अधिकारी होता. न्यायाधीशापुढे कोणती गोष्ट येऊ द्यावी याची कसोटी त्यांनी एका प्रश्नात आणली : वादातील मुद्द्याशी तिचा संबंध आहे की नाही. पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, हा नियम १८६१ च्या प्रक्रिया संहितेत होता. तो स्टीफन यांनी पुरावा अधिनियमात आणला.

या नियमामागील कारण त्यांनी पुढे आपल्या फौजदारी कायद्याच्या इतिहासात सांगितले आहे. संहितेच्या चर्चेच्या वेळी पोलीस आरोपीचा छळ का करतात असा विषय निघाला असता, एका अनुभवी मुलकी अधिकाऱ्याने त्यांना सांगितले की, यात क्रौर्यापेक्षा आळस अधिक असतो. उन्हातान्हात पुरावा हुडकीत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत तिखटाची पूड चोळणे सोपे जाते. हे वाक्य आम्ही प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले. दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या अनामिक अधिकाऱ्याने जे ओळखले ते आजही कोणत्याही चौकीच्या बाबतीत लागू पडणार नाही, असे कोणी छातीठोकपणे सांगावे.

१८७२ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेकडे वळू. प्रक्रियेचे पहिले पुस्तक १८६१ सालचे. स्टीफन यांनी ते मोडून नव्याने रचले. मूळ प्रश्न असा होता की, इंग्लंडातील पद्धत, म्हणजे ज्याचे नुकसान त्याने राणीच्या नावाने खटला चालवावा ही, येथे चालेल काय? स्टीफन यांचे उत्तर स्पष्ट नकाराचे होते. येथील राज्य लोकांच्या संमतीवर उभे नाही. ते जिंकून मिळविलेले आहे, तेव्हा शांतता राखण्याचे व गुन्हेगारास शासन करण्याचे काम सरकारनेच अंगावर घेतले पाहिजे, अशी त्यांची धारणा. ती त्यांनी कधी लपविली नाही, गोड शब्दांत गुंडाळलीही नाही. जिल्ह्याचा जो मुख्य अधिकारी तोच दंडाधिकारी असावा, महसूल आणि न्याय या दोन्ही गोष्टी एकाच हाती राहाव्या, याचे त्यांनी जोरदार समर्थन केले. ही गाठ सुटण्यास शंभर वर्षे लागली. देशभर ती सुटली ती १९७३ च्या संहितेने.

या संहितेतील एक तरतूद विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. आरोपी निर्दोष सुटला तर त्याविरुद्ध अपील करण्याचा अधिकार या संहितेने प्रथमच सरकारास दिला. इंग्लंडात ज्यूरीने एकदा निर्दोष ठरविलेल्या मनुष्यास पुन्हा छेडता येत नसे. येथे ते शक्य झाले, परंतु सरकारला, आणि फक्त सरकारला. ज्याचा भाऊ मारला गेला त्याला निकाल कितीही खटकला तरी तो अपील करू शकत नव्हता, कारण फिर्याद त्याची नव्हतीच. न्यायालयाच्या भिंतीवर आपले नाव शोधणाऱ्या त्या खेडुताची कथा येथे सुरू होते. १९५५ च्या सुधारणेने खासगी फिर्यादीला उच्च न्यायालयाच्या परवानगीने अपिलाची वाट मिळाली. आणि ज्याला गुन्ह्याची झळ लागली अशा प्रत्येकास अपिलाचा हक्क मिळावयास ३१ डिसेंबर २००९ हा दिवस उजाडावा लागला. म्हणजे एकशे सदतीस वर्षे.

सरकारी अधिकाऱ्यावर कामाच्या संदर्भात फिर्याद करावयाची तर सरकारची पूर्वपरवानगी हवी, ही तरतूदही १८७२ च्या संहितेत होती व ती रूपांतराने आजही आहे. मार्केट ड्रेटन येथे गव्हर्नराविरुद्ध उभे राहताना ज्या स्टीफन यांना कोणाचीही परवानगी लागली नव्हती, त्यांच्याच हातून येथे हे कुंपण कायम झाले. आम्ही स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे या कुंपणाचा लाभ आम्हांलाही आहे, आणि द्वेषाने केलेल्या फिर्यादींपासून ते प्रामाणिक माणसाचे रक्षण करते हेही आम्ही जाणतो. पण परवानगीच्या अशा काही फायली आमच्या टेबलावरून गेल्या आहेत. त्यांतील एकीवर निर्णय होईपर्यंत आरोप असलेले गृहस्थ सेवानिवृत्त होऊन पेन्शन घेऊ लागले होते. फाइल आमच्याकडे अकरा दिवस होती, एवढे आम्ही आमच्या बचावासाठी नोंदवून ठेवतो.

याच अमदानीत गोऱ्या लोकांविषयीचा प्रश्नही निघाला. तोपर्यंत जिल्ह्यात राहणाऱ्या युरोपीय मनुष्याने मोठा गुन्हा केला तर खटल्यासाठी त्याला मुंबई, मद्रास वा कलकत्ता येथील उच्च न्यायालयापुढे न्यावे लागे. निळीच्या मळ्यातील मजुराने साक्षीसाठी शेकडो मैल जावे कसे? अर्थात बहुतेक गुन्हे दडपले जात. स्टीफन यांनी तडजोड काढली. अशा आरोपीची चौकशी जिल्ह्यातच व्हावी, मात्र न्यायाधीश किंवा दंडाधिकारी स्वतः युरोपीय ब्रिटिश प्रजाजन असावा. पूर्वीपेक्षा हे पाऊल पुढे होते. पण त्याचा अर्थ असा झाला की, आय. सी. एस. परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ टागोर, ज्यांनी मुंबई इलाख्यात नोकरी केली व साताऱ्यास जिल्हा न्यायाधीश असताना जे निवृत्त झाले, त्यांनाही गोऱ्या आरोपीपुढे न्यायासनावर बसता येऊ नये. १८८३ साली इल्बर्ट यांच्या विधेयकाने हा भेद काढण्याचा प्रयत्न झाला तेव्हा इंग्लंडातून टाइम्स पत्रात त्याला कडाडून विरोध करणाऱ्यांत स्टीफन अग्रभागी होते.

आता त्या कलमाविषयी. मेकॉले यांच्या १८३७ च्या मसुद्यात राजद्रोहाचे कलम होते. १८६० ची दंड संहिता मंजूर झाली तीत ते नव्हते. ते अनवधानाने गळले, असे स्टीफन यांचे म्हणणे. वहाबी चळवळीमुळे सरकार धास्तावलेले होते. १८७० साली दुरुस्तीचा कायदा आणून स्टीफन यांनी कलम १२४अ दंड संहितेत घातले. सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणे हा गुन्हा ठरला, शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत. सरकारच्या कृत्यावर टीका केली तर तो गुन्हा नव्हे, असा खुलासा कलमातच जोडलेला होता. वाचताना तो मोठा उदार वाटतो. परंतु या गुन्ह्याची फिर्याद करावयाची कोणी? सरकारच्या परवानगीवाचून कोणी करूच शकत नाही. ज्याचा अपमान झाला तोच फिर्यादी, परवानगी देणाराही तोच.

ही अडीच वर्षे शांततेची नव्हती. सप्टेंबर १८७१ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर हंगामी मुख्य न्यायाधीश नॉर्मन यांना भोसकण्यात आले व दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. ८ फेब्रुवारी १८७२ रोजी अंदमानात पोर्ट ब्लेअर येथे शेर अली या बंदिवानाने व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांचा खून केला. मेयो यांच्याविषयी स्टीफन यांना नितांत आदर होता. राजधानी हादरली होती. पण शेर अलीचा खटला रीतसर चालला, ११ मार्चला त्याला फाशी झाली, आणि त्याच आठवड्यात, १५ मार्च रोजी, पुरावा अधिनियमावर संमतीची सही झाली. पोलिसापुढील कबुलीजबाब अग्राह्य ठरविणारे कलम अशा दिवसांत कोणी मागे घेतले नाही, ही गोष्ट स्टीफन यांच्या खात्यावर जमा धरली पाहिजे. खर्चाच्या बाजूस त्याच कारकिर्दीतील १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा मांडावा लागतो. त्याने संपूर्ण जमातींना जन्मतः संशयित ठरविले. पुढे तो मुंबई इलाख्यासही लागू होऊन पारध्यांसारख्या जमाती सोलापूरच्या तारेच्या कुंपणात आल्या. प्रक्रियेचा इतका जाणता मनुष्य विधी सदस्य असताना, आरोपच नसलेल्या माणसांना शिक्षा देणारा हा कायदा व्हावा, याचे कोडे आम्हांला उलगडलेले नाही.

परतीच्या जलप्रवासातच त्यांनी मिल यांच्या स्वातंत्र्यविषयक विचारांचे खंडन लिहावयास घेतले. तोच ग्रंथ १८७३ साली लिबर्टी, इक्वॉलिटी, फ्रॅटर्निटी या नावाने प्रसिद्ध झाला. हिंदुस्थानात जे साधले ते मायदेशी साधावे ही त्यांची महत्त्वाकांक्षा. इंग्लंडसाठी त्यांनी फौजदारी संहितेचा मसुदा केला. १८७८ साली तो पार्लमेंटात आला, आयोग बसला, अहवाल झाला आणि सगळे तेथेच थिजले. कॅनडाने १८९२ साली व न्यूझीलंडने १८९३ साली तो मसुदा आधारास घेऊन आपापल्या संहिता केल्या. इंग्लंडला मात्र आजतागायत फौजदारी संहिता नाही. विधिमंडळात कोणाची आडकाठी नसताना कायदे करणे आणि सहाशेंहून अधिक सदस्यांच्या पार्लमेंटात करणे यांतला फरक त्यांना या वेळी उमगला असावा. डंडीच्या पोटनिवडणुकीत ते १८७३ साली पडले होतेच.

१८७९ साली ते न्यायाधीश झाले. १८८३ साली इंग्लंडच्या फौजदारी कायद्याचा इतिहास तीन खंडांत निघाला. अभ्यासकांना तो अद्यापि चुकवता येत नाही. पुढे १८८५ साली त्यांनी नंदकुमार प्रकरणावर दोन खंड लिहिले. वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावर लाचेचा आरोप करणाऱ्या महाराजा नंदकुमार यांना बनावट दस्ताच्या फिर्यादीत १७७५ साली फाशी झाली होती. न्यायाधीश इम्पी निर्दोष होते असे स्टीफन यांनी सिद्ध करू पाहिले. हेन्री बेव्हरिज यांनी त्यास ग्रंथरूपानेच उत्तर दिले. तो वाद येथे नको.

न्यायाधीश म्हणून त्यांचा एक निवाडा आपल्याकडील वाचकांस विशेष वाटेल. वेल्समधील विल्यम प्राइस या वयोवृद्ध डॉक्टरने आपल्या तान्ह्या मुलाच्या शवाला अग्नी दिला. त्यावर गावकरी खवळले, खटला भरला गेला. १८८४ साली कार्डिफ येथे स्टीफन यांनी निर्णय दिला की, इतरांना उपद्रव होत नसेल तर प्रेत जाळणे हा गुन्हा नव्हे. कलकत्त्यास गंगेच्या काठी त्यांनी जे पाहिले होते त्याचा या निर्णयाशी संबंध असेलच असे नाही, पण आम्हांस तसे मानावयास आवडते.

दुसरा खटला त्यांच्या कीर्तीस बाधक ठरला. लिव्हरपूलच्या फ्लॉरेन्स मेब्रिक या तरुण स्त्रीवर नवऱ्यास सोमल घालून मारल्याचा आरोप होता. १८८९ च्या ऑगस्टमध्ये तो खटला स्टीफन यांच्यापुढे संपला. १८८५ साली त्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि बुद्धीची पकड पूर्वीसारखी राहिली नव्हती. ज्यूरीपुढे ते दोन दिवस बोलले. तारखांत घोटाळे झाले, आणि विषाच्या पुराव्यापेक्षा त्या बाईच्या परपुरुषाशी असलेल्या संबंधावर त्यांनी अधिक भर दिला. मुद्द्याशी संबंध आहे की नाही ही कसोटी ज्यांनी सगळ्या हिंदुस्थानास शिकविली, त्यांनाच ऐन वेळी तिचे विस्मरण व्हावे! ज्यूरीने दोषी ठरविले, फाशीची शिक्षा झाली. न्यायालयाबाहेर जमावाने न्यायाधीशांच्या गाडीमागे हुर्यो केली. शिक्षा कमी होऊन जन्मठेप झाली. ती बाई १९०४ साली सुटली. या निकालाविरुद्ध अपिलाला जागाच नव्हती, कारण इंग्लंडात फौजदारी अपिलाचे न्यायालय १९०७ पर्यंत नव्हते. हिंदुस्थानात अपिलाची पायरी केव्हाच बांधून झालेली होती.

१८९१ च्या एप्रिलमध्ये, प्रकृतीविषयी उघड चर्चा सुरू झाल्यावर, त्यांनी राजीनामा दिला. कर्तबगार पुत्र जेम्स केनेथ पुढच्याच वर्षी वारला. ११ मार्च १८९४ रोजी इप्सविच येथे स्टीफन यांनी देह ठेवला. त्यांचे आणखी एक पुत्र हॅरी पुढे कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

त्यानंतर तीन वर्षांनी, सप्टेंबर १८९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयात जो खटला चालला त्याचे नाव होते राणी सम्राज्ञी विरुद्ध बाळ गंगाधर टिळक. कलम स्टीफन यांचे. न्यायासनावर होते आर्थर स्ट्रेची, म्हणजे व्हाइसरॉयच्या मंडळातील स्टीफन यांचे स्नेही सर जॉन स्ट्रेची यांचे चिरंजीव. नऊ जणांच्या ज्यूरीत सहा युरोपीय होते व तीन हिंदी. सहा जणांनी दोषी म्हटले, तिघांनी निर्दोष. इंग्लंडात ज्यूरीचे एकमत झाल्यावाचून कोणास शिक्षा होऊ शकत नव्हती. येथील प्रक्रियेत सहांचे बहुमत चालत होते. टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०८ साली पुन्हा तेच कलम लागले आणि सहा वर्षे झाली. राणीची जागा तेव्हा बादशहाने घेतली होती. प्रजासत्ताक आल्यावर त्या जागी राज्य हा शब्द आला. अमेरिकेतील न्यूयॉर्क किंवा कॅलिफोर्नियात त्याच ठिकाणी जनता असे लिहिले जाते. आपल्या घटनेच्या आरंभी जनतेचेच नाव असताना आपल्या खटल्यांवर ते का आले नसावे, हा प्रश्न आमच्यापुरता आम्ही मोकळा ठेवला आहे.

कलम १२४अ खालील कारवाई ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने थांबविली. १ जुलै २०२४ पासून तीन नवे कायदे अमलात आले, आणि दंड संहिता, १९७३ ची प्रक्रिया संहिता व स्टीफन यांचा पुरावा अधिनियम ही तिन्ही पुस्तके निवृत्त झाली. पुरावा अधिनियमाची सेवा एकशे एक्कावन्न वर्षे व दहा महिने भरली. पोलिसापुढील कबुलीजबाबाचा नियम नव्या पुस्तकात, कलम २३ म्हणून, तसाच उतरला आहे. त्या तारखेपूर्वी सुरू झालेले खटले जुन्याच पुस्तकांनुसार चालावयाचे आहेत. गेल्या महिन्यात एका परिचितांबरोबर आम्ही येथील जिल्हा न्यायालयात गेलो होतो. त्यांच्या दुकानातील चोरीचा खटला २०१९ सालचा. यादीत त्यांचे नाव नव्हते. सरकारी वकिलांच्या टेबलावर मात्र स्टीफन यांचे पुस्तक उघडे होते, आणि पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळाली.